माळ्यावर नाव सांगायचं नाही

शिलाई मशीन दुरुस्तीला टाकताना कुणाच्या पोटात गोळा येत नाही. तिच्या आला. आईच्या मशीनचं जड डोकं तिनं दुकानाच्या फळीवर नुकतं टेकवलं होतं, तेवढ्यात पालिकेचा शिपाई ओली छत्री झटकत आत आला आणि वर माळ्याकडे बघून म्हणाला, "आहे का कुणी? नोटीस आहे."

शिडीवरून आधी चपला उतरल्या, मग लांबच लांब पाय, आणि सगळ्यात शेवटी एक गोंधळलेला चेहरा. त्यानं सही केली, पाकीट फोडलं आणि दुकानाच्या मालकीणबाईंना, म्हणजे आपल्या आत्याला, ऐकू जावं म्हणून मोठ्यानं वाचलं.

'चौक या समाजमाध्यमावर थेंब या टोपणनावाने लिहिणाऱ्या व्यक्तीचे खरे नाव पुढील शुक्रवारी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहून सादर करावे. अन्यथा निवडणूक पार पडेपर्यंत चौक बंद करण्यात येईल.'

थेंब म्हणजे तीच होती.

पालिकेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत ती तंत्रज्ञ होती. तीन आठवड्यांपूर्वी खालच्या वस्तीतल्या तीन नळांच्या पाण्यात तिला जंतू सापडले. साहेबांनी अहवालावर 'पिण्यायोग्य' असं लिहून टाकलं, कारण निवडणूक तोंडावर होती. ती दोनदा त्यांच्याकडे गेली. दोनदा "बघू" ऐकून परत आली. मग तिनं चौकात लिहिलं, आणि गावभर बोभाटा झाला. तेव्हापासून ऑफिसात कुणी नुसतं खाकरलं तरी ती काचनळी खाली ठेवून दाराकडे बघायची.

"नाव सांग पोरी, पावतीवर लिहायचंय," आत्या म्हणाली.

ती पिशवीत उगाच काहीतरी शोधू लागली. स्वतःचं नाव विसरावं इतकी काही ती वेंधळी नव्हती... पण नोटीस वाचणारा माणूस दोन हातांवर उभा होता.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. कोपऱ्यात निथळणाऱ्या तिच्या निळ्या छत्रीकडे पाहिलं. "राहू दे आत्या," तो म्हणाला, "'निळी छत्री' लिही. सापडेल आपल्याला."

मशीन दुसऱ्याच दिवशी नीट झालं. तरी ती तिसऱ्या दिवशी आली — टाका सुटतोय म्हणून. चौथ्या दिवशी आली — आवाज येतोय म्हणून. "तुझं मशीन माझ्यापेक्षा ठणठणीत आहे," आत्या म्हणाली, आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिली. "वर जायचं असेल तर सरळ जा की. शिडीची तिसरी पायरी तेवढी सांभाळ."

ती भीतीपोटी वर जात होती, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. हा माणूस आपलं नाव देणार की नाही, एवढंच तिला काढून घ्यायचं होतं.

माळ्यावर पत्र्याखाली दोन जुने कॉम्प्युटर घरघरत होते, आणि त्यांच्यावर गावातली चार हजार माणसं रोज भांडत होती. चौक कुठल्या कंपनीचा नव्हता. त्याचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं होतं. कुणीही आतला कोड वाचावा, चूक सापडली तर सुधारावी. असे चौक गावोगावी होते, ज्यानं त्यानं आपापला सांभाळायचा, आणि सगळे एकमेकांशी जोडलेले. इथला चौक तो सांभाळायचा, म्हणून लोक त्याला 'माळ्यावरचा' म्हणत. शिडीच्या तोंडाशी त्यानं पाटी लावली होती : चौकातलं नाव खाली ठेवून वर या.

"म्हणजे काय?" तिनं विचारलं.

"म्हणजे इथे कुणी मला सांगायचं नाही, मी चौकात अमक्या नावानं लिहितो म्हणून. मला खोटं बोलता येत नाही हो. कान लाल होतात." त्यानं कान दाखवले. ते आत्ताही लालच होते, आणि तो तर खरं बोलत होता. "जे माहीतच नाही, ते कुणी काढून घेणार कसं?"

"पण यंत्राला माहीत असेल ना?"

त्यानं यंत्रावरची धूळ बाहीनं पुसली. मग म्हणाला, "असेल. खातं उघडताना दिलेला पत्ता आत असतो. तीन महिन्यांपूर्वी नवी आवृत्ती आली होती — महिनाभरानं पत्ते आपोआप पुसून टाकणारी. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी फुकट राबून लिहिलेली. मी ती घालायचं आज करू, उद्या करू म्हणत राहिलो." त्यानं कपाळाला हात लावला. "आता नोटीस आल्यावर पुसलं तर पुरावा नष्ट केला म्हणतील. माझ्या आळसापायी त्या बिचाऱ्या थेंबाचा जीव टांगणीला लागलाय."

बिचारा थेंब त्याच्यापासून हातभर अंतरावर बसला होता. पावसाचे टपोरे थेंब पत्र्यावर ताडताड वाजत होते... आणि तिला त्याचा राग यायला हवा होता. राग आलाच नाही. आलं ते भलतंच काहीतरी, आणि ते आल्यामुळे ती आणखीच घाबरली.

"मग देणार नाव?"

"एक नाव दिलं ना, तर उद्यापासून चौकात फक्त हवापाण्याच्या गप्पा होतील. नाही देणार."

"चौक बंद करतील."

"करतील," तो म्हणाला, पण आवाज खोल गेला होता. सहा वर्षं सांभाळलेली यंत्रं. त्यानं नकळत एकावर हात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा.

तिला राहवलं नाही. "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय... मी —"

"नको." त्याचा तळहात झटकन वर आला. "काहीही असलं तरी शुक्रवारनंतर."

"काहीही? समजा, तुम्ही मला आवडता, असं सांगायचं असेल तर?"

बोलून बसल्यावर तिचं तिलाच भान आलं. त्याचे कान आता असे पेटले, की त्यांच्यावर चहा उकळला असता.

"ते..." तो चाचरला, "ते चालेल. पण तेवढंच सांगा. पुढचं काही नको."

"तेवढंच आहे," ती म्हणाली. आणि हे काही खरं नव्हतं.

त्यानंतर सोमवारपासून ती फिरकलीच नाही. जेवताना वहिनीनं विचारलं, "मशीन नीट झालं वाटतं?" आणि तिनं भातात पाणी ओतून घेतलं, वरण समजून. तिला झोप लागेना. ती गप्प राहिली तर त्याचा चौक जाणार होता. बोलली तर तिची नोकरी. आणि त्याला एकट्याला खरं सांगितलं, तर त्याच्याकडे उरलेलं एकमेव खरं उत्तर, 'मला माहीत नाही', तेही जाणार होतं. आवडत्या माणसाला आपलं नाव सांगणं इतकं महाग पडावं? बुधवार गेला, गुरुवार गेला, आणि मार्ग काही सुचला नाही.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला ती प्रयोगशाळेत आपल्या टेबलाशी बसली. नमुन्यांची नोंदवही उघडली. तिच्याच अक्षरातल्या त्या तीन ओळींचा फोटो काढला आणि थेंबाच्या खात्यावरून लिहिलं — स्वतःचं पूर्ण नाव, हुद्दा, आणि 'हे नमुने मी स्वतः तपासले आहेत. हे पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका.' बोटाला दरदरून घाम सुटला होता. पहिल्यांदा बटण दाबलं गेलंच नाही. बोट ओढणीला पुसून तिनं पुन्हा दाबलं.

पाच मिनिटांत ते शेजारच्या गावांच्या चौकांत पोचलं, तिथून पुढच्या. आता एका माळ्याला कुलूप लावून ते परत येणार नव्हतं.

सुनावणी त्याच आवारात, पलीकडच्या इमारतीत होती. ती दारात पोचली तेव्हा अधिकारी विचारत होते, "थेंब कोण आहे, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही," तो म्हणाला. हातात चार पानी निवेदन होतं. कान अगदी साधे, नेहमीच्या रंगाचे.

"मी आहे," ती दारातून म्हणाली, आणि तिनं आपलं नाव सांगितलं. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. तो मात्र मागे वळून बघतच राहिला.

दहा मिनिटांत नोटीस निकालात निघाली, आणि दोघं बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात आले. तो रागावला होता.

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल बहुतेक."

"मी आठ दिवस 'माहीत नाही' म्हणायची तयारी केली होती."

"छान म्हणालात. मी ऐकलं."

त्याला हसू आलं, पण ते टिकलं नाही. "एक सांगायचंय," तो म्हणाला. "तुम्ही सोमवारपासून आला नाहीत ना... मी मंगळवारी त्या पत्त्यांच्या यादीसमोर बसलो होतो. थेंबासाठी नाही. तुमच्यासाठी. नाव माहीत नव्हतं, पण एकेक पत्ता चाळत गेलो तर तुम्ही सापडाल, असं वाटलं. पासवर्डसुद्धा टाकला होता मी." तो खाली बघत होता. "मग उठलो आणि आत्याच्या दुकानातल्या तीन मशीनना तेल घातलं."

सहा वर्षं ज्या यादीला यानं हात लावला नव्हता, तिच्यापाशी हा आपल्यापायी जाऊन बसला... आणि उठला. तिचे डोळे भरून आले.

"का उठलात?"

"तुम्ही आपणहून सांगावं असं वाटलं."

तिनं त्याच्या हातातली ती चार पानं घेतली, उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आपला फोन नंबर लिहिला. आकडे वेडेवाकडे आले. पानं परत घेताना त्यानं तिचा हात धरला. तो तिनं मागे घेतला नाही, आणि त्यानं सोडला नाही.

व्हरांड्याच्या टोकाशी प्रयोगशाळेचा शिपाई उभा होता. "साहेबांनी बोलावलंय. लगेच."

"तुम्ही जा," ती त्याला म्हणाली. "कितीही वेळ लागेल."

"लागू दे," तो म्हणाला आणि साहेबांच्या केबिनसमोरच्या बाकावर पाय लांब करून बसला.

आत साहेब खुर्चीत मागेपुढे होत होते. बसायला सांगितलं नाही. त्यांनी वस्तीचा विषय काढला नाही, पाण्याचा नाही. शिस्तीबद्दल बोलले, वरिष्ठांबद्दल, तिच्या वयाबद्दल. ती ऐकत राहिली. साहेबांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावून खाली ठेवला आणि सुरुवातीपासून पुन्हा शिस्त सुरू केली, तेव्हा ती हळूच म्हणाली,

"साहेब, निलंबनाचं पत्र द्यायचं असेल तर जरा लवकर द्याल का? बाहेर माझी कुणीतरी वाट बघतंय."