ऋजुताची गाळणी आणि जुईचा अबोला

जुई तीन दिवस ऋजुताशी बोलली नव्हती. दिवाळीचा किल्ला दोघींनी मिळून केलेला. बुरूज ऋजुताचे, मावळे जुईच्या हातचे. संध्याकाळी स्पर्धेचे परीक्षक यायचे होते, आणि ही बाई घरात रुसून बसलेली. का, ते ऋजुताला काही केल्या उमगेना.

"भांडलात काय गं?" शर्वरीआत्याने चहा टाकता टाकता विचारलं. आत्या शास्त्रज्ञ. 'अंगण' नावाच्या समाजमाध्यमाची यंत्रबुद्धी घडवायची, आणि दिवाळीला साताऱ्याला माहेरी यायची.

"छे. उलट अंगणावर किल्ल्याचा फोटो टाकलाय, सगळे कौतुकच करतायत. बघ, एकवीस प्रतिक्रिया."

आत्याने स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा पडदा निरखून पाहिला. "वर आकडा सव्वीस आहे. पाच कुठे गेल्या? तुझी गाळणी कितीवर आहे?"

"दहावर."

गेल्या वर्षी कुणीतरी तिच्या किल्ल्याला शेणाचा ढीग म्हटलं होतं. तेव्हा रडून रडून डोळे सुजले, आणि तिने ही गाळणी, म्हणजे वैयक्तिक नियमन (आपल्याला काय दिसावं, हे आपणच ठरवण्याची सोय) सगळ्यात कडक करून टाकलं. तेव्हापासून अंगणावर कसं छान वाटायचं.

आत्याने गाळलेलं उघडलं. चार नुसत्या टवाळ्या. पाचवी मात्र अशी: 'मावळे की उकडलेले बटाटे? करणारीला मातीला हात लावू देऊ नका.'

ऋजुताने ते पुन्हा वाचलं. "हे जुईला दिसलं असेल?"

"सगळ्यांना दिसलं. हे बघ," आत्याने चहाचं पातेलं पुढे ओढलं. "तू गाळणी धरलीस ती फक्त तुझ्या कपावर. चोथा पातेल्यातच आहे. जुईच्या कपात तो पडला, आणि तिला वाटलं, तू वाचूनही गप्प बसलीस."

"मग पातेल्यातूनच काढून टाका ना."

"धमक्या, घाण शिव्या काढतोच. पण चेष्टा एकाला बोचते, दुसऱ्याला गंमत वाटते. सगळ्यांसाठी एकानेच कसं ठरवायचं? म्हणून ज्याची त्याची गाळणी. काहींना ती फार आवडते. काही म्हणतात, चूक दुसऱ्याची, मग राखण आम्ही का करायची?"

"मला दोन्ही वाटतंय," ऋजुता म्हणाली. मग तिने विचारलं, "आत्या, गाळलेल्यात माझ्या मैत्रिणीबद्दल काही असलं, तर गाळणी मला हाक मारू शकेल?"

आत्याने चहा तसाच ठेवला आणि वही ओढली. "आमच्या कुणाच्या डोक्यात हे आलं नाही बघ. पुढच्या गाळणीत घालून बघू."

ऋजुताने गाळणी पाचवर आणली, त्या प्रतिक्रियेखाली उत्तर लिहिलं आणि जुईचं घर गाठलं.

"आज दिसलं होय तुला?" दारातच जुईने विचारलं.

ऋजुताने गाळणीचं सगळं सांगितलं आणि उत्तर पुढे धरलं. 'हे मावळे माझ्या मैत्रिणीने केलेत. एकेकाचं नाक घडवायला तिला तास लागलाय. तू एक तरी करून दाखव.'

जुईने ते दोनदा वाचलं.

"तास नाही, दीड तास," ती म्हणाली आणि चपला पायांत सरकवल्या.