पालकरसाहेबांपुढचा नारळ

पोलादपुरात सुनीलचं डिश टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि पावसाळा सरला की त्याचा पहिला फेरा कुडपण गावचा असे. डोंगरमाथ्यावरचा वारा चार महिन्यांत डिशची एकही छत्री सरळ ठेवत नाही. धोंडूबाईच्या घरची छत्री तर त्यानेच स्वतःच्या हाताने फुकट बसवून दिली होती. गाव म्हणे, पोरगा सोन्यासारखा. धोंडूबाईचा सखा आईला टाकून मुंबईत बसला, पण दोस्ताने माया सोडली नाही. असं काही कानावर आलं की सुनील मान खाली घालून स्क्रू पिळत राही.

सखा मुंबईत नव्हता. हे फक्त सुनीलला ठाऊक होतं.

आठ वर्षांपूर्वी दोघं एकत्र कामं करत. एके दिवशी ते आंबेनळी घाटातून परत येत होते. धुकं असं की हात लांब केला तर बोटं दिसत नव्हती. एका वळणावर गाडी थांबवली, सखा कठड्याकडे गेला आणि परत आलाच नाही. दुपारीच चार माणसांसमोर दोघांची कडाक्याची बाचाबाची झाली होती. ढकलला म्हणतील, या भीतीने सुनीलची पाचावर धारण बसली. त्याने गावात सांगितलं, ‘पोलादपूर स्टँडवर सोडला, मुंबईच्या गाडीत बसला.’ लोकांनी मान डोलावली. कोकणातला पोरगा मुंबईला गेला, यात कोणाला नवल वाटणार?

त्या सकाळी धोंडूबाई सखाला काहीतरी टाकून बोलली होती. पोरगा आपल्यावर रागावून गेला, हे तिने मनाशी धरलं ते धरलंच. आठ वर्षं ती तेवढंच उगाळत होती.

तिचं बाकीचं आयुष्य पालकरसाहेबांनी सांभाळलं होतं. इन्स्पेक्टर उदय पालकर हे टीव्हीच्या मालिकेतले पोलीस. दुपारी तीनला लागायचे. एका गालाला खळी, इस्त्रीचा शर्ट आणि आवाज असा की म्हशीनेही पान्हा सोडावा. आरोपीवर त्यांनी कधी हात उगारला नाही. समोर बसायचं, दोन चहा मागवायचे, ‘जेवलास का?’ विचारायचं आणि गप्प राहायचं. समोरचा आपण होऊन बोलेपर्यंत साहेब उठत नसत. पाच वर्षं हेच चाललं होतं आणि पाच वर्षं वाडीतल्या बाया त्यावर जीव ओवाळून टाकत होत्या. साहेबांना दंडात गोळी लागली तेव्हा बयाबाईने सोमवार धरले, रखमाने टीव्हीची मीठ-मोहरीने दृष्ट काढली. हसायचं तरी कोणी? सुनीलची बायको माधुरी महाडची, पदवीधर. गणपतीच्या आधी मालिका संपली तेव्हा तिनेही रडून डोळे सुजवले होते. त्या दिवशी घरात खिचडीवर भागलं.

यंदा तो कुडपणला निघाला तेव्हा मालिका संपून दीड महिना झाला होता. डोंगर चढताना सुनील तेच घोकत होता की बायांची समजूत कशी काढावी.

अंगणात नाचणीची कणसं वाळत घातली होती. त्याने शिडी लावली, कौलांवर चढला आणि थबकला. छत्रीच्या तोंडाशी असतो तो डबा मोडून वायरीला लोंबकळत होता. वायर उंदराने कुरतडलेली. छत्रीत पावसाचं पाणी साचून शेवाळ धरलं होतं. हे काल-परवाचं नव्हतं. त्याने मीटर लावून पाहिलं. काटा जागचा हलला नाही.

“टीव्ही कवापासून बंद हाय, मावशे?” त्याने वरून विचारलं.

“बंद कशाला?” धोंडूबाई म्हणाली. “रोज तर बघतो आमी.”

“काय बघता?”

“साहेबांना.”

तो खाली उतरला. रखमाने चहा आणून दिला. बयाबाई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. मालिका संपली, हे सांगायला त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात त्याचं लक्ष टीव्हीपुढच्या पाटावर गेलं. पाटावर तांदळाची मूठ, विडा आणि वर शेंडीचा नारळ.

“गाराणं घातलंय,” धोंडूबाई म्हणाली. “देवीला किती वेळा घातलं, तिनं काय मनावर घेतलं नाय. मग म्हटलं, साहेबांनाच सांगू. माझा सखा कुटं हाय तेवडं शोदून द्या म्हटलं.”

गाऱ्हाणं घालायला दत्ताराम लागतो. वाडीच्या वतीने देवाशी बोलायचा मान त्याच्या घराण्याचा. तोही उंबऱ्यात बसला होता, सत्तरीचा, कानाला मफलर. सुनीलने त्याच्याकडे पाहिलं.

“माणसासाटी घातलेलं गाराणं मागं घेता येत नाय,” दत्ताराम म्हणाला. “काम झालं की नारळ फोडायचा. नाय झालं तर तसाच ऱ्हातो.”

“अहो, पण तो नट आहे. नाटकातला माणूस.”

“देव तरी काय, दगडच ना रे,” दत्ताराम म्हणाला. त्याच्या बोलण्यात वाद घालायचा सूर मुळीच नव्हता.

“पण साहेब निघाले बग,” रखमा कौतुकाने सांगू लागली. “नारळ ठेवला त्याच्या दुसऱ्याच दिशी महाडच्या स्टँडवर चौकशी करत होते. मग पोलादपुरात आले. तुजं दुकान पन दाकवलं की! शटर खाली होतं. मग उमरठला गेले.”

सुनीलला हसू आलं. बाया एकटेपणात काय काय रचतात, असं त्याला वाटलं आणि त्यांची दयाही आली.

“काल घाटात होते,” बयाबाई म्हणाली. “वळणावर कठडा हाय ना, त्यावर कुणीतरी चुन्यानं त्रिशूळ काडलाय. तितं हुबे राहून खाली बगत होते. किती येळ.”

सुनीलने चहा खाली ठेवला. तो त्रिशूळ त्याला माहीत होता. गाडीच्या दिव्याचा उजेड त्या दिवशी त्याच्यावरच पडला होता. त्यानंतर आठ वर्षांत त्याने आंबेनळी घाटातलं एकही काम घेतलं नव्हतं, आणि यातल्या एकाही बाईने त्या रस्त्यावर कधी पाऊल टाकलं नव्हतं.

तो उठला. “मी निघतो, मावशे. खाली काम आहे.”

“तीन वाजत आले. बस की,” ती म्हणाली. “साहेबांनी आज हितं यायचं म्हटलंय.”

त्याने स्वतःला समजावलं. वायर तुटलेली, डबा मोडलेला. पडद्यावर काही दिसणं शक्यच नाही. बसावं, काळा पडदा बघावा आणि मनातला किडा काढून टाकावा. तो भिंतीला टेकून बसला. बाहेर लख्ख ऊन होतं. गोठ्यात म्हैस दावं ओढत होती.

तीन वाजता धोंडूबाईने रिमोट दाबला.

चित्र आलं.

नाव नाही, गाणं नाही, जाहिरात नाही. धुकं होतं. धुक्यात कठडा, कठड्यावर चुन्याचा त्रिशूळ. अलीकडे लाल प्लास्टिकच्या खुर्चीत इन्स्पेक्टर पालकर बसले होते. हातात एक ग्लास, दुसरा कठड्यावर. दोन्हींतून वाफ निघत होती.

बाया मायेने पुढे सरकल्या. “बारीक झाले गो,” रखमा पुटपुटली.

साहेबांनी वर पाहिलं. खळी पडली.

“जेवलास का?” त्यांनी विचारलं.

आणि ते गप्प झाले.

एक मिनिट गेलं. दोन गेली. पडद्यावर धुकं सरकत होतं आणि साहेब बघत होते. रागाने नाही. धाकट्या भावाकडे बघावं तसे.

रखमाने मान वळवली. मग बयाबाईने. मग दत्तारामने.

“सांग की रे,” रखमा हळूच म्हणाली. “साहेब इचारतायत.”

सुनीलला रडू फुटलं. आठ वर्षं गळ्याशी धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं. धुकं, वळण, भांडण, भीती, स्टँडची थाप. आपण ढकललं नाही, हे त्याने चारदा सांगितलं. तो धोंडूबाईच्या पायांवर डोकं ठेवून बोलत होता. तिची बोटं त्याच्या केसांत होती.

“म्हंजे माझ्यावर रागवून नाय गेला तो,” ती म्हणाली.

“नाय, मावशे. तो तर तुलाच साडी घ्यायची म्हणत होता.”

ती बराच वेळ रडली. बाया रडल्या. सुनीलला अंगावरून धोंड उतरल्यासारखं वाटलं. पोलिसांत जाईन, वळण दाखवीन, जी शिक्षा होईल ती भोगीन, असं तो म्हणाला आणि ते त्याच्या मनापासून आलं होतं.

धोंडूबाईने पदराने डोळे पुसले. “लई लागलं का रे त्येला? काय बोलला का?”

सुनीलने क्षणभर तिच्याकडे पाहिलं.

“नाय,” तो म्हणाला. “लगेच गेला तो. आवाजसुद्दा नाय आला.”

तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर निवांतपणा आला होता. “दत्तारामा, फोड नारळ. काम झालं.”

दत्तारामने नारळ उचलला. पण फोडला नाही. तो टीव्हीकडे बघत होता.

“साहेब उटले नायत,” तो म्हणाला.

पालकरसाहेब तसेच बसून होते. त्यांनी आपला ग्लास खाली ठेवला आणि मान किंचित कलती केली, खालचं काही ऐकल्यासारखी. कठड्यामागे धुकं दाट झालं होतं.

तिथून, खूप खोलवरून, काहीतरी ऐकू आलं. आधी वाऱ्यासारखं वाटलं.

“सुन्या...”

दत्तारामने नारळ पुन्हा पाटावर ठेवला.

“सुन्या, हाय का रे वर? पाय मोडलाय माजा. जाव नको रे...”

धोंडूबाई पडद्याजवळ सरकली आणि तिने टीव्हीचा आवाज वाढवला.