विमानाच्या माळावरचा लाल कंदील

ओलं लाकूड घालू नका रे शेकोटीत, नुसता धूर होतो. थंडीपासून बाग राखायची तर पहाटेपर्यंत जागावं लागेल, नाहीतर द्राक्षाचे मणी तडकले की बसा कपाळाला हात लावून. तोवर एक गोष्ट सांगतो. भूत होतं की नव्हतं, ते तुमचं तुम्ही ठरवा. हा तुमच्यासमोर बसलेला सहादू तीस वर्षं पोस्टमन होता. लोकांची पत्रं वाचून दाखवताना त्यानं पदरचं एक अक्षर कधी घातलं नाही, आता म्हातारपणी कशाला घालेल?

गोष्ट मंगळूची. तारीख बावीस डिसेंबर एकोणीसशे ब्याऐंशी, वार बुधवार. अमावास्या वगैरे काही नव्हती. मार्गशीर्षातली साधी सप्तमी, चंपाषष्ठी आदल्या दिवशी झालेली. सकाळी नऊच्या सुमारास मंगळू पत्र्याचा डबा घेऊन दिंडोरीला रॉकेल आणायला निघाला. मागच्या महिन्याचं राहिलेलं आणि या महिन्याचं, दोन्ही त्यानं एकदमच मागितलं. रेशन दुकानदार थट्टेखोर. एकट्या माणसाला एवढं रॉकेल लागतं म्हणजे मंगळूबाबा लग्नबिग्न करतात की काय, असं त्यानं सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा बेतानं विचारलं.

"विमान यायचं हाय," मंगळू म्हणाला.

रांग खो खो हसली. मंगळूनं डबा उचलला आणि चालू लागला.

हसणाऱ्यांचंही खोटं नव्हतं, विमान उतरायचं बंद होऊन वर्षं झाली होती. तुम्ही आता जिथं बागा बघता ना, त्या ओढ्याच्या अलीकडे, तिथं तेव्हा उघडा माळ होता. एका कारखानदार साहेबानं तो सपाट करून घेतला होता. साहेबाचं स्वतःचं विमान होतं, एका पंख्याचं, चार माणसांचं. आपण यात्रेला बैलगाडी जुंपतो तसा तो सुट्टीला विमान काढायचा. कधी गोवा, कधी दीव. दिवस मावळायच्या आत उतरायचं असा कायदा, पण मोठ्या माणसांना उशीर व्हायचाच. म्हणून माळाच्या राखणदाराकडे, मंगळूकडे, सतरा कंदील दिलेले. माळाच्या दोन्ही अंगांना आठ-आठ साध्या काचेचे, आणि पार टोकाला, जिथं माळ संपून ओढा लागतो तिथं, एक लाल काचेचा. लाल दिसला की ओळखायचं, पुढं जमीन नाही.

साहेबाचा मुलगा आईविना वाढलेला. कागदावर रंगनाथ, मंगळूच्या घरी नाथा. मंगळूला आणि त्याच्या बायकोला, सगुणाबाईला, मूल नव्हतं. नाथा दिवसभर त्यांच्या खोपीत. सगुणाबाईच्या हातची मिरचीची चटणी आणि भाकरी खाऊन तो वाढला, साहेबाच्या घरचं जेवण त्याला गोड लागायचं नाही. विमान उतरलं की हे पोरगं आधी उडी मारणार, टोकापर्यंत पळणार आणि लाल कंदील स्वतः विझवणार. बाकीचे सोळा मंगळूचे, लाल एक नाथाचा. खिशातल्या रुमालानं काच पुसायची, कंदील आणून खोपीच्या उंबऱ्याशी ठेवायचा आणि हाक मारायची, "मंगळूबाबा, उतरलो." आतून ओ आली की मगच बंगल्यावर जायचं. हा त्यांचा नेम होता.

मग नाथा शिकायला अमेरिकेला गेला. साहेबानं विमान विकलं, बंगल्याला कुलूप लावलं आणि मुंबईला जाऊन राहिला. सगुणाबाई एका पावसाळ्यात काविळीनं गेली. माळावर गवत माजलं आणि राखणदार म्हणून एकटा मंगळू उरला. काय राखायचं होतं तिथं? गवत? पण तो दर आठवड्याला सतरा काचा पुसून ठेवायचा. माझी सायकल लांबून दिसली की उठून उभा राहायचा, आणि पत्र नसलं की पुन्हा खाली बसायचा. मला ते बघवायचं नाही. कधी कधी मी मुद्दाम खालच्या वाटेनं जायचो, खोटं कशाला सांगू.

नोव्हेंबरच्या शेवटी नाथाचं पत्र आलं. मीच वाचून दाखवलं. तिघा मित्रांनी मिळून एक जुनं लहान विमान घेतलंय, बावीस डिसेंबरला ते घेऊन सुट्टीला मेक्सिकोला निघतोय, चालवणार मीच. तिथले लोकही आपल्यासारखीच मिरची खातात आणि मक्याची भाकरी करतात. शेवटी लिहिलं होतं, अंधारात उतरताना मला अजून तुझे कंदील आठवतात.

मंगळूनं पत्र दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, हे मेक्सिको कुठं आलं? मी म्हणालो, अमेरिकेच्या खालच्या अंगाला. काठीनं मातीत पृथ्वी काढून दाखवली. आपण इकडे, ते पार पलीकडे, त्याच्या वाटेत आपण येत नाही. त्यानं त्या रेघोट्या नीट बघून घेतल्या.

"सुट्टीला निघालाय ना?" तो म्हणाला. "मंग? सुट्टीला माणूस कुठं जातं, सहादू? घरीच येतं ना?"

साहेब लोक सुट्टीला परमुलखात जातात हे त्यानं जन्मभर पाहिलं होतं. पण नाथा त्याच्या लेखी साहेब नव्हता. मी पत्र घडी करून त्याच्या हातात दिलं.

तर त्या बुधवारी दुपारभर त्यानं विळ्यानं गवत कापलं. दिवस मावळताना सतरा कंदील भरले, वाती कातरल्या आणि पेटवून जागच्या जागी नेऊन ठेवले. लाल सगळ्यात शेवटी. दोन बाजरीच्या भाकरी थापल्या, चटणी वाटली, एक भाकरी फडक्यात बांधून वेगळी ठेवली. मग घोंगडी पांघरून उंबऱ्यात बसला.

आठ वाजले. नऊ वाजले. थंडी अशी की हाताची बोटं हाताला कळेनात. दहाला चांदणं पश्चिमेला कललं. खाली रस्त्यानं एक ट्रक गेला, त्याचा आवाज येताच तो उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. साडेअकराच्या पुढे चंद्र मावळला. आता माळावर फक्त सोळा पिवळे ठिपके, आणि लांब एक लाल.

एक वाजता तो आत गेला. कंदील मात्र मालवले नाहीत. त्याला स्वतःचीच लाज वाटत होती. रेशनच्या रांगेतलं हसू आत्ता कुठं त्याला लागलं. दाराला कडी घातली आणि जमिनीवर पडला. सगुणा गेल्यापासून इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

डोळा लागला नव्हता. हे तो शपथेवर सांगायचा. साहेबानं दिलेलं गजराचं घड्याळ उशाशी होतं, त्यात दोनला पाच कमी होते.

आवाज आला.

आधी लांबून, ओढ्याच्या बाजूनं. एका पंख्याचा. मधेच खोकल्यासारखा अडकणारा... पुन्हा लागणारा. साहेबाचं विमान असंच खोकायचं. माळावरून एक घिरटी झाली. खोपीचा पत्रा थरथरला. मग चाकं टेकली. एकदा. पुन्हा एकदा.

मग काही नाही.

वस्तीवर एक कुत्रं भुंकलं नाही.

मंगळू उठून बसला. घोंगडी बाजूला फेकली. आला. पोरगं आलं. तो दाराकडे सरकला, आणि बाहेर पावलं ऐकू आली. पळत जाणारी. माळाच्या टोकाकडे... लाल कंदिलाकडे.

हलकी पावलं होती.

थोडा वेळ गेला. पावलं परत आली. आता सावकाश. उंबऱ्याशी थांबली.

"मंगळूबाबा, उतरलो."

मंगळूचा हात कडीवर होता. तो तिथंच राहिला. कारण आवाज दहा वर्षांच्या मुलाचा होता.

नाथा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता, पोरांनो.

आपल्याकडे काय सांगतात? रात्री हाक आली तर लगेच ओ देऊ नये. तिसऱ्या हाकेची वाट बघावी. माणूस असेल तर तिसरी हाक मारतो. बाकीचं जे असेल... ते दोनच मारतं. सगुणाबाईनं जन्मभर हा नेम पाळला होता आणि त्यालाही पाळायला लावला होता. नाथापुरता तेवढा तो मोडलेला. नाथाला पहिल्या हाकेला ओ मिळायची.

मंगळूनं ओठ घट्ट मिटले.

"मंगळूबाबा..."

दुसरी. पहिलीपेक्षा बारीक.

तो थांबला. एकच मार अजून. मार ना रे. एकदाच.

बाहेर शांत.

...

दगडावर तारेचा बारीक आवाज झाला. कंदील खाली ठेवल्यासारखा.

मग तोही नाही.

मंगळू उजाडेपर्यंत तसाच उभा होता, कडीला हात लावून.

सकाळी त्यानं दार उघडलं. माळावर दंव पडलेलं होतं, कापलेल्या गवतावर चाकाची एक खूण नव्हती. सोळा कंदील तेल संपून विझलेले, काचा काजळलेल्या. सतरावा, लाल, उंबऱ्याशी होता. वात खाली केलेली. तेल अजून शिल्लक. काच पुसलेली.

आठवड्यानं साहेबाचं कार्ड आलं. मी ते टपालाच्या गठ्ठ्यात पाहिलं आणि सायकलवर बसायची हिंमत होईना, चालत गेलो. नाथाचं विमान बावीस तारखेला दुपारी मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ समुद्रात पडलं, तिघंही सापडले नाहीत. दुपारी म्हणजे त्यांच्या दुपारी. तेव्हा आपली रात्र असते. तो हिशेब मी नंतर केला, तोवर मला या रात्रीचं काहीच ठाऊक नव्हतं, मला आपली नुसतीच हळहळ. मग मंगळूनं सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच, क्रमानं. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. शेवटी एवढंच म्हणाला, "घरी आला व्हता. म्या ओ नाय दिली."

मी त्याला समजावलं. म्हटलं, बरं केलंस, ओ दिली असतीस तर आज तू बसला नसतास इथं. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा ते कधी बोललो नाही. त्या दिवसापासून त्यानं दाराला कडी घातली नाही. थंडी असो, विंचूकाटा असो. बाहेर कुणी नुसतं खाकरलं तरी आतून "ओ, ये बाबा" म्हणायचा. शहाऐंशीच्या माघात तो तसाच उघड्या दाराशी वारला. त्यानंतर माळ विकला गेला, नांगरला गेला. सोळा कंदील भंगारात गेले. लाल तेवढा मी उचलून आणला.

तो माझ्याकडे आहे. कधी पेटवला नाही. त्याच्या काचेच्या कडेला, जिथं पुसणाऱ्याचा रुमाल पोचला नसेल तिथं, एक पांढरा थर आहे. मंगळूनं पहिल्याच सकाळी तो बोटावर घेऊन जिभेला लावला होता. मीही लावून पाहिला. मीठ आहे.

आता आपण कुठं, समुद्र कुठं. मंगळूनं तर समुद्र जन्मात पाहिला नव्हता. समुद्राचं पाणी खारट असतं रे, असं मी त्याला किती वेळा सांगितलं. तो मान हलवायचा. त्याचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं. दार उघडलं नाही, म्हणून पोरगं उंबऱ्याशी बसून रडलं.