भिंतीवरचं दुसरं वर्तुळ

पावसाळा सरून बरेच दिवस झाले होते. डोंगरउतारावर केरसुणीच्या गवताला तुरे आले होते आणि लवकरच शिलाँगकडून लोक गुहा बघायला येऊ लागणार होते. त्याआधी आमच्या वाटाड्यांच्या मंडळाला नवे टॉर्च घ्यायचे होते. दुकानातून दोन नमुने आले, ते तपासायचं काम माझ्याकडे आलं. एक नवा, काळा, आखूड आणि भलताच प्रखर. दुसरा पिवळा, जुन्या बनावटीचा. माझ्या भाच्याकडे, स्खेमकडे होता तसलाच.

स्खेम मागच्या हंगामात गुहेतच गेला. परतताना गुहेतल्या फाट्यावरून डावीकडे वळलं की थोड्या अंतरावर विहिरीसारखा खोल खड्डा आहे, त्यात पडून. ती जागा त्याला लहानपणापासून ठाऊक होती. टॉर्च अचानक विझला असणार, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो. टॉर्च त्याच्याजवळ पाण्यात फुटलेला सापडला, त्यामुळे खरंखोटं कळायला मार्ग नव्हता.

आता त्याच्या जागी त्याची धाकटी बहीण दापलिन वाटाडी होणार होती. ती त्याला बाह म्हणायची, म्हणजे दादा. आमच्यात भाच्यांचं बरंवाईट मामानं बघायचं असतं. तिच्या हातात द्यायचा टॉर्च मी दुकानदाराच्या शब्दावर घेणार नव्हतो.

सकाळीच आम्ही दोघं गुहेत शिरलो. फाटा ओलांडून पुढे एक मोठं दालन आहे. चुन्याचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या झिरपून त्याची एक भिंत पांढरीशुभ्र झाली आहे. तिच्यासमोर सपाट दगडावर दोन्ही टॉर्च शेजारी ठेवले, नवे सेल घालून. आम्ही दगडाच्या मागे बसलो. भिंतीवर दोन वर्तुळं उमटली.

"मामा, काळा बघ! भिंतीच्या शिरासुद्धा दिसतायत. पिवळा म्हणजे अगदीच म्हातारा."

"सुरुवातीला सगळेच झगमगतात. टिकतो कोण, ते बघू."

"तू टॉर्च बघतोयस की माझ्यासाठी नवरा?"

"नवरा असता तर एवढे कष्ट घेतले नसते."

ती खळखळून हसली. गुहेत हसू जरा उशिरानं परत येतं, आणि परत येताना ते आपलं राहत नाही.

अधूनमधून ती फोन भिंतीशी नेऊन उजेड मोजत होती. पहिल्या उजेडाचा दहावा हिस्सा उरला की टॉर्च संपला, असं बनवणारे धरतात. आमचा हिशेब वेगळा आहे. वाटाडे नेहमी दोन असतात, एक पुढे आणि एक सगळ्यांच्या मागे. मागचा माणूस खांद्यावरून पुढच्यांच्या पावलांपुढे उजेड टाकतो. ज्या बाजूला उजेड पडेल त्या बाजूला पाऊल टाकायचं. मागे वळून बघायचं नाही, डोळे दिपतात. पावलापुढचा दगड दिसेनासा झाला, की आमच्या लेखी टॉर्च संपला. स्खेम नेहमी मागे असायचा.

थर्मासमधला चहा संपला. सुपारी चघळून झाली. दापलिनला डुलकी लागत होती, तेवढ्यात काळा टॉर्च गेला. मंदावला नाही, लुकलुकला नाही. होता आणि नव्हता.

ती दचकून सरळ बसली. "असा जातो? काही न सांगता?"

"काही जातात असे."

"बाह स्खेमचाही असाच गेला असेल ना?"

"त्याच्याकडे पिवळा होता."

पिवळा जळत होता. उजेड उतरत चालला होता, पण पायाखालचा खडा न्‌ खडा दिसत होता. पुढेही तो जळतच राहिला. आम्ही एकमेकांकडे बघायचं टाळत होतो. त्या दिवशी स्खेम गुहेत याच्या निम्मा वेळसुद्धा नव्हता.

"त्याचे सेल जुने असतील," मी म्हणालो.

"मी घातले होते, मामा. त्या दिवशी सकाळी. माझ्या हातानं. नवे." तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "म्हणजे बाह अंधारात नव्हताच..."

माझं लक्ष भिंतीकडे गेलं होतं.

भिंतीवर पुन्हा दोन वर्तुळं होती.

दापलिननं काळा टॉर्च उचलून हलवला. विझलेलाच होता. मी पिवळ्यावर तळहात ठेवला. एक वर्तुळ गेलं. दुसरं राहिलं, आणि त्यात आमच्या दोघांच्या सावल्या पडलेल्या दिसल्या. उजेड आमच्या पाठीमागून येत होता. उभ्या माणसाच्या हातातून यावा तसा, श्वासाबरोबर किंचित हलत.

"मामा... मागे..."

"वळू नकोस."

हे मी सवयीनं म्हणालो की भीतीनं, मला माहीत नाही. साचलेल्या पाण्याचा थंड वास येत होता. त्या दालनात पाणी नाही.

मी पिवळा टॉर्च उचलला, तिचं मनगट धरलं आणि दालनाबाहेर पडलो. मागे पाऊल वाजत नव्हतं. पण तो उजेड आमच्या खांद्यांवरून पुढे येऊन बरोबर पावलांपुढे पडत होता. घसरड्या दगडाआधी थांबत होता, वर छत खाली आलं की क्षणभर वर जात होता. इतका निष्णात हात मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. खरं सांगतो, माझी भीती ओसरली. माझे पाय त्याचं ऐकू लागले.

फाटा आला. तिथून उजवीकडे गुहेचं तोंड, डावीकडे तो खड्डा.

वर्तुळ सावकाश डावीकडे वळलं.

दापलिनही वळली. "मामा, इकडे."

"तिकडे वाट नाही, पोरी."

"बाह दाखवतोय ना!" तिनं हात हिसडला. तिला एवढी ताकद कुठून आली कोण जाणे.

"स्खेमनं कधी कुणाला तिकडे नेलं नाही," मी तिच्या कानाशी म्हणालो. "त्यालासुद्धा... कुणीतरी दाखवलं असेल."

ती थांबली. तेवढ्यात मी तिला दोन्ही हातांनी आवळून उजवीकडे ओढलं, आणि उन्हात येईपर्यंत सोडलं नाही. तोंडाशी पोचलो तेव्हाही पिवळा टॉर्च जळत होता.

घरी रिसिल्डा, माझी बहीण, चूल पेटवत होती. "कोणता ठरला?" तिनं विचारलं.

"पिवळा."

तिचा हात थांबला. पोराच्या मरणाचं खापर फोडायला तिच्याकडे तेवढी एकच वस्तू होती. "म्हणजे टॉर्चचा दोष नव्हता?"

मी मान खाली घालून चहा पीत राहिलो. दापलिन कोपऱ्यात बसली होती. बाहेर लवकरच अंधारून आलं. थंडीत आमच्याकडे दिवस असाच पटकन उरकतो. मग वीज गेली. रिसिल्डा पुटपुटत मेणबत्ती चाचपू लागली.

अंगणात चपलांचा आवाज आला. भरभर, न अडखळता.

"दापलिन?" मी दाराशी धावलो. "कुठे निघालीस? टॉर्च तरी घे!"

"कशाला?" ती मागे न वळता म्हणाली. "वाट दिसतेय की."

तिचा आवाज अंगणाच्या डाव्या टोकाकडून येत होता. त्या बाजूला वाट नाही. कुंपण आहे, आणि पलीकडे दरी.

आवाजाच्या रोखानं मी पळालो. कुंपणाशी तिचा दंड हाताला लागला, तो मी घट्ट धरला. अंधार इतका होता की मला माझा हात दिसत नव्हता. तिच्या पावलांपुढचं गवत मात्र पातं न्‌ पातं दिसत होतं.