दोनशे चौदा नंबरची जागा

शनिवारी सकाळी आठ वाजता खडूभाऊ तीन नंबरच्या हॉलमध्ये बाकांवर आसन क्रमांकांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते. अकराला प्रवेश परीक्षा होती. चारशे बाकं, चारशे चिठ्ठ्या आणि सोबतीला एकटा वायरमन, तोही शिडीवर चढून दिवे बदलण्यात गुंतलेला. बाहेर चांगलं लखलखीत ऊन पडलं होतं, पण या हॉलला एकही खिडकी नाही. आत दिवे लावले की दिवस, बंद केले की रात्र.

खडूभाऊंचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल तेवढंच. अठ्ठावीस वर्षं ते या प्रदर्शन केंद्राची जमीन आखत आले होते. कार्यक्रम कुठलाही असो, आधी खडूभाऊंनी दोरी ताणून रेघा मारायच्या, पिवळ्या चिकटपट्ट्या लावायच्या, त्यांवर नंबर टाकायचे, मग बाकीच्यांनी हॉलमध्ये पाऊल ठेवायचं. आणि या हॉलनं काय म्हणून पाहिलं नव्हतं! उघडला तेव्हा शेतीच्या यंत्रांचं प्रदर्शन भरलं. मग लग्नं झाली, कुत्र्यांच्या स्पर्धा झाल्या, मतमोजणी झाली. एकदा पूर आला तेव्हा अख्खी वस्ती महिनाभर इथं येऊन राहिली, आणि ती हलल्यावर चौथ्या दिवशी अत्तरांचा मेळा भरला. खडूभाऊ म्हणायचे, हा हॉल म्हणजे पक्का मतलबी. काल जेवू घातलेल्याला आज ओळख दाखवत नाही.

ही ओळख पुसायची मात्र एक रीत होती. कार्यक्रम संपला की दोघांनी रांगेरांगेनं फिरायचं. एकानं नंबर पुकारायचा, दुसऱ्यानं पट्टी उपटायची आणि म्हणायचं, "मोकळी." तसं म्हटल्याशिवाय ती जागा पुढच्या कुणाला द्यायची नाही. जुन्या आखणीवाल्यानं शिकवलं म्हणून खडूभाऊ शिकले. का, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

सहा वर्षांपूर्वी साथ आली तेव्हा याच हॉलचं इस्पितळ झालं. चारशे खाटा. त्यांची आखणीही खडूभाऊंनीच केली, आणि दोन आठवड्यांनी त्यांची बायको दोनशे चौदा नंबरच्या खाटेवर आली. भेटायची बंदी होती. ते काचेच्या दाराबाहेर उभे राहायचे, ती फोनवर बोलायची.

"अहो, इथं रात्रंदिवस दिवे चालू असतात हो. आणि सगळे पटापट बदलतात. सकाळी एक असतो, संध्याकाळी दुसराच. माझी जागा कुणाला देऊ नका..."

"वेडी आहेस का? तुझी जागा कोण घेतंय?" खडूभाऊ म्हणाले होते.

तिसऱ्या दिवशी ती गेली. तेव्हा लेक अकरा वर्षांची होती. तिला आईचं तोंडही पाहायला मिळालं नाही. पुढं साथ ओसरली, खाटा उचलल्या, आणि खडूभाऊ रीतीप्रमाणं पट्ट्या उपटत निघाले. दोनशे तेरा, मोकळी. त्याच्या पुढच्या पट्टीपाशी मात्र त्यांचे गुडघेच वाकेनात. पुकारणाऱ्याला त्यांनी हातानंच पुढं चल म्हणून खुणावलं. त्या पट्टीवर दुसऱ्या दिवशी गालिचा पसरला गेला.

चूक कळायला वेळ लागला नाही. पुढच्याच महिन्यात फर्निचरचं प्रदर्शन होतं. तिथं एक आजीबाई पलंग कसा आहे पाहायला आडव्या झाल्या आणि थंडीनं कुडकुडायला लागल्या. "आधी या बाईला सरकायला सांगा," एवढंच त्या म्हणत राहिल्या. मग दातांच्या डॉक्टरांची परिषद भरली. त्या जागेवरच्या खुर्चीत बसलेल्या एका तरुण डॉक्टरला धाप लागली, ओठ निळे पडले. उचलून दाराबाहेर नेलं तसा तो ठणठणीत बरा झाला. त्या दिवसापासून खडूभाऊंनी तिथं प्लास्टिकचं झाड ठेवलं. विचारणाऱ्याला सांगायचं, जमीन जरा खचली आहे. झाडाला काही झालं नाही; त्याला कुठं श्वास घ्यायचा होता?

पण परीक्षेच्या बाकांमधलं अंतर खाटांएवढंच भरलं, आणि यंदाचा नकाशा कॉम्प्युटरनं काढला. त्याला झाड ठाऊक नव्हतं; झाड हटलं आणि दोनशे चौदावं बाक नेमकं त्या पट्टीवर आलं. काल संध्याकाळी लेकीनं हौसेनं आपलं प्रवेशपत्र बापापुढं धरलं. हॉल क्रमांक तीन, आसन क्रमांक दोनशे चौदा.

आज सकाळी येताच त्यांनी परीक्षेच्या बाईंना गाठलं होतं.

"एवढी एक जागा बदलून द्या. पाया पडतो तुमच्या."

"अहो काका, असं सगळ्यांनाच वाटतं. आसन क्रमांक काही बदलत नसतो," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "तुमची मुलगी आहे ना? मग तर मुळीच नाही. उद्या माझ्यावर शेकेल."

लेकीला येऊ नकोस म्हणावं, तर तिनं वर्षभर त्या पुस्तकांत डोकं घातलेलं. साथीत आईला शेवटचं पाहूही न शकलेल्या पोरीला स्वतः इस्पितळात काम करायचं होतं. हे एक वर्ष गेलं असतं तर ती मोडून गेली असती. आणि तिला त्या जागेवर तीन तास बसू द्यावं, तर...

खडूभाऊ दोनशे चौदाव्या बाकापाशी आले. तिथं हवा गार होती. फिनेलचा वास येत होता, आणि त्याखाली तापलेल्या अंगाचा. कुठं तरी कुणी ऑक्सिजनच्या मास्कआडून श्वास घेत होतं. सावकाश, ओढून, मोजून. हॉलमधला एकही पंखा चालू नव्हता.

"खाली ये," त्यांनी वायरमनला हाक मारली. "एक पट्टी काढायची राहिलीय. मी पुकारतो, तू फक्त मोकळी म्हण."

वायरमन आला. तिथं पोहोचताच त्यानं कॉलर वर ओढली. दोघांनी बाक सरकवलं. खडूभाऊंनी कात्रीनं गालिचा कापून उलटला. पट्टी होती. वर सहा वर्षं गालिचा आणि झाडाची कुंडी दाबून बसली होती, तरी ती कोरी पिवळी होती, आणि त्यांच्याच अक्षरातला नंबर अजून ओला वाटत होता.

त्यांनी हात ठेवला. पट्टी कोमट लागली.

"रागावू नकोस," ते हळूच म्हणाले. "आपली पोर बसायची आहे इथं... दुसरं कुणी असतं तर मी हात लावला नसता गं."

श्वास थांबला. कुणी कान देऊन ऐकावं, तसा तो थांबला. खडूभाऊंना रडू फुटलं. जिला शेवटच्या दिवसांत घरी ठेवता आलं नाही, तिची इथलीही जागा ते काढून घेत होते. पण जे करायचं ते करायलाच हवं होतं. त्यांनी पट्टीचं टोक नखानं उचललं आणि एका ओढीत उपटलं.

"दोनशे चौदा!"

एवढा मोठा हॉल. इथं शिंकलं तरी चार वेळा परत ऐकू येतं. त्यांचा आवाज परत आला नाही.

"...मोकळी."

खडूभाऊंनी डोळे पुसले. "इतक्या बारीक आवाजात काय म्हणतोस?"

वायरमनचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी... मी कुठं बोललो, खडूभाऊ? माझं तोंडच उघडेना..."

फिनेलचा वास गेला होता. हवा पुन्हा साधी, गालिच्याच्या धुळीची झाली होती. वायरमन शिडी तिथंच टाकून बाहेर उन्हात जाऊन बसला आणि दुपारपर्यंत आत आला नाही.

अकरा वाजता लेक येऊन त्या बाकावर बसली. खडूभाऊ काचेच्या दाराबाहेर उभे. तीन तास त्यांनी तिच्यावरून नजर हलवली नाही. तिनं पेनाचं टोपण चावलं, वेणी मागं टाकली, पानं उलटली. धाप नाही, कुडकुडणं नाही. ओठ चांगले लाल होते. दोन वाजता घंटा झाली तेव्हा खडूभाऊंनी भिंतीला पाठ टेकली आणि कितीतरी वर्षांनी पोटभर श्वास घेतला.

"बाबा, पेपर मस्त गेला!" लेक गर्दीतून बाहेर आली. "वाटलं होतं घाबरीन, पण आत कसं अगदी घरच्यासारखं वाटत होतं."

"जिंकलीस, पोरी," खडूभाऊ म्हणाले आणि पुढं झाले. सुटलो, एवढंच त्यांच्या मनात होतं. केंद्राच्या बावीस पायऱ्या उतरून रस्ता गाठायचा, घरी जायचं, पोरीला जेवू घालायचं.

ते भराभर खाली आले. मागं वळून पाहिलं तर लेक अजून वरच होती. तिनं एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा त्याच्या शेजारी आणला, आणि थांबली. मग पुन्हा एक पायरी. डावा हात तिनं कोपरात वाकवून अंगापासून जरा दूर धरला होता, आणि त्या हाताच्या बाहीला दंडापाशी चुण्या पडल्या होत्या. खोल, एकमेकींलगत, चार; बोटं रुतावीत तशा.

"पाय दुखतोय का गं?" खडूभाऊंनी खालून विचारलं. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"नाही हो बाबा." लेक हसली, पण बघत होती आपल्या डावीकडे, खांद्याच्या उंचीवर. "पण जरा हळू चला ना. एवढ्या पायऱ्या एकदम कशा जमतील?"