वहीत नसलेलं तेल

उदगीरच्या मोंढ्यात रुद्रेशचं धान्याचं दुकान आहे. त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तो सहज पोती मोजायच्या काट्यावर उभा राहिला. आकडा आला एकशे चार. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हे पोतं केवढ्याला?"

दारात पिवळ्या ओढणीतली एक मुलगी पिशवी घेऊन उभी होती. रुद्रेश लाजून खाली उतरला.

"हे... विकायचं नाही."

ती हसली. दामिनी तिचं नाव. लातूरची. इथल्या एका दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून नुकतीच आली होती. ज्वारी बांधता बांधता रुद्रेशने सांगून टाकलं, रक्तातली साखर काठावर आलीय, डॉक्टर वजन उतरवा म्हणतात.

"मग उद्या या की. आणि जे खाल ते वहीत लिहून आणा."

"सगळं?"

"शेंगदाणासुद्धा."

तो गेला, आणि दर आठवड्याला जातच राहिला. भाकरी दोन, वरण एक वाटी, चहा बिनसाखरेचा. एकदा त्याने लिहिलं, 'शेंगदाणे अकरा. बारावा तुमच्यासाठी ठेवला.' दामिनीने खाली लाल पेनने लिहिलं, 'आणायला विसरलात.'

पण दीड महिन्यात वजन किलोभरही उतरलं नाही. दामिनीने वही मिटली.

"तुम्ही मला फसवताय."

"शप्पथ, नाही!"

"खोटं लिहिणाऱ्याशी माझं जमत नाही... कशातच."

ते 'कशातच' रुद्रेशला लागलं. वजन राहिलं बाजूला. तिने आपल्यावर विश्वास ठेवावा, एवढंच त्याला हवं होतं.

"रविवारी घरी जेवायला या. डोळ्यानं बघा."

ती आली. घरात रुद्रेश आणि त्याचे वडील गुरुपादप्पा, दोघंच. स्वयंपाकाला बाई येत, पण वाढायचे अप्पाच. रुद्रेशच्या ताटात भाकरी दोनच. वरण एकच वाटी. दामिनी मोजत होती. मग अप्पांनी त्याच्या चटणीत बोटाने खड्डा केला आणि करडईच्या तेलाची धार धरली. धरली ती धरलीच.

"अप्पा, हे रोज?"

"दोन्ही टायमाला. ह्याची आई असंच वाढायची. ती गेल्यावर मला दुसरं काही येत न्हवतं, माय. एवढंच येत होतं."

दामिनीने ताटातल्या तेलाकडे पाहिलं. मग रुद्रेशकडे वळली. "हे वहीत का नाही?"

"तेल काय खाणं हाय का? ते तर वरून असतंय."

तिला हसू आवरेना. "मोठ्या चमच्याला एकशेवीस कॅलरी. इथं चार चमचे आहेत. म्हणजे ताटात आणखी तीन भाकरी!"

अप्पांचा चेहरा उतरला. "म्हंजे मीच लेकराला..."

"नाही अप्पा. वाढायचं तुम्हीच. फक्त लहान चमच्याने, एक." तिने चमचा त्यांच्या हातात दिला.

अप्पा चमच्याकडे बघत राहिले. "एवढंच? चटणीला तरी कळंल का?"

ते ताक आणायला आत गेले. दामिनी हळू आवाजात म्हणाली, "मी तुम्हाला खोटारडा ठरवलं. काय भरपाई करू?"

"आठवड्याला एकदा जेवायला येत जा."

"एकदाच?" तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग बाकीचे सहा दिवस मी काय... उपाशी राहू?"

रुद्रेशचा घास हातातच राहिला.

"दामिनी..." पहिल्यांदाच तो मॅडम न म्हणता बोलला. "मग कायमच्याच या की."

तिने मान खाली घातली. कान मात्र लाल झाले होते. "अप्पांना विचारा."

आतून अप्पा ओरडले, "मला काय विचारायलास रे? तिच्या वडलाला विचार. लातूरची गाडी पाचला हाय, जेव पटापटा!"