डब्यातला नथ्थू

“चांगला डालड्याचा डबा भोकं पाडून नासवला. आता तांदूळ काय माह्या पदरात ठेवू?”

माझ्या सासूबाई, तुळसाबाई, पाठीमागे सुपात तांदूळ पाखडत पुटपुटत होत्या. मला ऐकू जावं इतपतच हळू.

पुढचं सांगितलं की लोक म्हणतात, पुष्पलताबाई, तुम्हाला ऊन लागलं असेल. म्हणून आधीच सांगते. पौष महिना होता, १९६५ साल. ऊन अंगावर घ्यावं असे दिवस. वारासिवनीहून कटंगीकडे जाताना आमचं गाव लागतं, तिथे आमच्या घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, भरदुपारी हे घडलं. मी पाहिलं. शाळेच्या पोरांनी पाहिलं.

भुताला रात्र लागते असं मलाही तोवर वाटायचं.

झालं असं की, शाळेच्या पुस्तकात दिल्लीचा इतिहास होता, आमच्या गावाचा नव्हता. मास्तर म्हणाले, “बाई, तुमच्या त्या चित्रांच्या खेळातून शिकवता का?”

शाळा मी चौथीपर्यंतच पाहिलेली. पण गोंदियाच्या मेळ्यात एका खेळवाल्याजवळ फिरतं नळकांडं पाहिलं होतं. घरी येऊन दोन डबे वाया घालवले, तिसरा जमला. डब्याच्या वरच्या काठाला उभ्या फटी पाडायच्या. बाहेरून काजळी फासायची. आत कागदाची पट्टी गोल बसवायची, तिच्यावर एकाच माणसाची ओळीनं चित्रं. जात्याचा वरचा दगड काढून खालच्याच्या खुंट्यावर डबा ठेवायचा आणि फिरवायचा. फटीतून पाहिलं की माणूस चालतो.

नियम एकच. शेवटचं चित्र पहिल्याला जुळलं पाहिजे. खाली गेलेला माणूस वर आलाच पाहिजे, नाहीतर खेळ तुटतो.

पोरांनी त्या दिवशी विहीर काढली होती. आमच्याच अंगणातली, इंग्रजांच्या राज्यात खोदलेली आणि लगेच बुजवलेली. पाणी खारट लागलं म्हणून बुजवली, असं मला लग्नानंतर सांगितलं होतं. खोदणारा नथ्थू. लाल फेट्याचा. दोर धरून उतरतो, सब्बल, म्हणजे पहार, मारतो, टोपली भरतो, वर येतो.

मी डबा फिरवला.

नथ्थू खाली गेला.

दोर वर आला…

रिकामा.

“काकू, बुढा कोठी गेला?” पुढची पोरगी म्हणाली.

“तुमीच काढला नसंल वर येताना.”

“काढला ना वो! मीच त्याचा फेटा रंगवला.”

डबा थांबवून पट्टी बाहेर काढली. सगळी चित्रं होती. वर येणारा नथ्थू होता, लाल फेटा होता, ओठावर मिशीसुद्धा होती.

पुन्हा बसवली. पुन्हा फिरवला.

खाली गेला…

दोर रिकामा.

मला वाटलं, फटी वाकड्या झाल्या. हातानं धरून डबा थांबवला.

खुंट्यावरची खरखर थांबली.

पण दुसरा एक आवाज थांबला नाही.

टक्… टक्…

लोखंडावर दगड वाजावा तसा. अंगणातून. वरून नाही… खालून.

एक पोरगा म्हणाला, “कोनी कांडून राह्यलं.” आमच्याकडे त्या दिवशी कोणी कांडत नव्हतं.

माझ्यामागचं सूप कधीच थांबलं होतं.

“बंद कर थो डबा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. “पोराईले घरी धाड.”

“आत्याबाई, आवाज कशाचा हो?”

“कशाचा आवाज? मले नाही येत.”

आणि नेमकी तेव्हाच फाटकातून गोदामावशी आली.

गोदामावशी म्हणजे नथ्थूची बायको. विहीर खोदली तेव्हा ती बाळंतपणाला माहेरी होती. परत आली तर गावानं सांगितलं, नथ्थू भरवेलीला मँगनीजच्या खाणीत कामाला गेला, येईल. तो आला नाही. ती अजून हातभर काचेच्या बांगड्या घालायची. दर हंगामात आमच्या घरचा नवा तांदूळ पहिला तिच्याकडे जायचा, सासूबाई स्वतः मोजून धाडायच्या. मी समजायचे, सासूचं मन मोठं आहे.

तिला मीच बोलावलं होतं, पोरांना नथ्थूच्या गोष्टी सांगायला. ती धुतलेलं लुगडं नेसून आली होती.

“मले दाखव वो बाई आमचा मानूस,” ती हसत म्हणाली. “लय वर्सं झाली त्याले चालताना पाहून. तोंडच इसरत चाललो मी.”

“नोको दाखवू,” सासूबाई म्हणाल्या.

“काहून वो पाटलीनबाई? मी का पैसा मागून राह्यलो?” पोरं हसली. मावशीही हसली.

तिला नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. ती जात्यापाशी उकिडवी बसली. एक डोळा मिटला, दुसरा फटीला लावला. बांगड्या वाजल्या.

मी डबा फिरवला. अगदी हळू.

“हौ… थोच हाये. अस्साच वाकून चाले, डाव्या अंगानं.”

पोरांच्या चित्रात तो वाकलेला नव्हता. सरळ होता. मीच शिकवलं होतं, सरळ काढा, सोपं जातं.

“उतरला… सब्बल मारून राह्यला…”

टक्… टक्…

पोरं उठून माझ्यामागे सरकली.

मावशीचा डोळा फटीवरून हलेना. डबा आपोआप मंदावला, थांबला. ती तशीच पाहत राहिली. चित्रं थांबल्यावर ती काय पाहत होती, ते मला अजून कळलेलं नाही. त्या घराचं अन्न मी पुढेही खाल्लं, त्या अंगणात धान वाळवलं. पौषातली दुपार शांत झाली की आजही मी उगाच भांडी वाजवते.

मग मावशीनं मान वळवली. माझ्याकडे नाही. सासूबाईंकडे.

“पाटलीनबाई… हा वर काहून नाही येत वो?”

टक्…

सासूबाई भिंतीला धरून उठल्या. मला वाटलं, घरात जातील. त्या मावशीसमोर जमिनीवर बसल्या. आमच्या घरातलं कोणी तिच्यासमोर खाली बसलेलं मी पाहिलं नव्हतं.

“गोदा,” त्या म्हणाल्या, “थो खाणीत गेलाच नाही. इहिरीत दरड पडली तवा जित्ता होता. सब्बल वाजवे आतून. कोनी उतरलं नाही… पोलिसाच्या भेवानं आमी वरून माती टाकली. माती टाकून राह्यलो, तरी वाजवतच होता.”